खुर्च्या भिंतीकडे

१२ जानेवारी

'टच बेस करू', 'सर्कल बॅक करू', 'रीच आउट करते' हे दिवसभर ऐकून ज्यांचे कान किटले आहेत, आणि तरीही पगारासाठी जे माना डोलावतात, अशा समस्त पीडित बंधुभगिनींनो!

सभेत मी अशी सुरुवात केली असती. इथे श्रोता एकच आहे आणि तोही ऐकेल याची खात्री नाही. म्हणून, बारक्या, तुलाच. आशीर्वाद आहेत, पण तूर्त राखून ठेवले आहेत.

आपलं बोलणं बंद आहे हे मला ठाऊक आहे. तरी दोघांचं एक दुःख सारखं आहे. हे झिजलेले इंग्रजी शब्द तुला लिहावे लागतात आणि मला वाचावे लागतात. काल मंडळाच्या दारावर नोटीस लागली. अग्निशमन केंद्राच्या वरची आपली खोली 'री-इमॅजिन' करायची आहे. सर्व 'स्टेकहोल्डर्स'ना या 'एक्सायटिंग जर्नी'त सामील व्हायचं निमंत्रण आहे. खोलीचं 'व्हायब्रंट स्पेस' होणार आहे. पुढच्या महिन्यात त्याच खोलीत सुनावणी. मी नोटीस तीनदा वाचली. खोली आमच्याकडे राहणार की जाणार, हे त्यात कुठेच नाही.

आणि जिथे साधी गोष्ट सांगायला एवढे दागिने लागतात, तिथे खाली मढं असतं. हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

पालिकेच्या तुमच्या त्या इमारतीत संवाद विभागात माणसं दोनच. एक संवाद अधिकारी, जिला आम्ही अमेझिंगबाई म्हणतो, कारण तिला पाणी दिलं तरी ती 'अमेझिंग' म्हणते. आणि दुसरा तू. ती बोलते, तू लिहितोस. मग ही 'जर्नी' कुणाची?

बाबांनी हे इंग्रजी संभाषण मंडळ कशासाठी काढलं ते विसरला असशील, तर नव्या सभासदांना सांगते तसं तुलाही सांगते. दिवसभर कोर्टात स्टेनो म्हणून दुसऱ्यांची वाक्यं टिपणारा तो माणूस. ते म्हणायचे, "लोक उधारीचे कपडे घालत नाहीत, उधारीची वाक्यं मात्र बिनदिक्कत घालतात." म्हणून नियम केला. इंग्रजी बोला, मोडकं बोला, पण स्वतःचं बोला. बोलणाऱ्यानं गुळगुळीत झालेलं वाक्य काढलं, की ऐकणाऱ्यानं आपली खुर्ची भिंतीकडे फिरवायची. खुर्ची भिंतीकडे असेपर्यंत टाळी नाही, हूं नाही, उत्तर नाही. त्यानं तीच गोष्ट साध्या शब्दांत सांगितली की खुर्ची परत समोर. तो अपमान नव्हे. ती दुसरी संधी असते.

त्या खोलीत दवाखान्यातल्या आपल्या सिस्टर, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारायला शिकल्या. किल्लीवाले काका, ज्यांच्या तोंडून गिऱ्हाईकासमोर 'येस सर'च्या पुढे काही निघत नसे, ते आता तासभर वाद घालतात आणि आम्हालाच आवरावे लागतात. दुसरी जागा आम्हाला कोण देणार? शाळा संध्याकाळी कुलूप लावते. मी तिथे भूगोल शिकवते म्हणून मुख्याध्यापक मला किल्ली देतील, असं तुला वाटत असेल तर तू आमचे मुख्याध्यापक पाहिलेले नाहीस.

सरळ विचारते. खोली काढून घेणार आहेत का? हो की नाही?

ताई

२३ जानेवारी

बारक्या,

तुझं उत्तर फोनवर आलं. 'ऑल गुड ताई. नो वरीज. बोलू सविस्तर.' आणि खाली एक अंगठा.

दोन पानी पत्राला अंगठा! पूर्वी ज्यांना लिहिता येत नसे ते अंगठा उठवत. तुला बाबांनी इतकं शिकवलं ते यासाठी?

'नो वरीज' म्हणणाऱ्या माणसाइतकी काळजी मला दुसऱ्या कुणाची वाटत नाही. म्हणून मी स्वतःच चौकशी केली. खालच्या केंद्रप्रमुखांना गाठलं. ते पाइपांची गुंडाळी पाहत होते. म्हणाले, "दोन माणसं टेप घेऊन आली होती. वर बराच वेळ मापं घेत होती. एक जण म्हणाला, काउंटर इथे येईल आणि कॉफीचं मशिन खिडकीपाशी."

"आणि आम्ही?"

"तुमचं नाव नाही निघालं, बाई. मी विचारलं, वरच्या मंडळींचं काय? तो म्हणाला, कम्युनिटीला बेनिफिटच आहे."

म्हणजे आम्ही कम्युनिटी नाही. आम्ही त्या खोलीतली जुनी रद्दी.

इथवर मला फक्त राग होता. संशय आला तो मंगळवारी. सिस्टरांनी मंडळात तुझा निरोप सांगितला. तू त्यांना दवाखान्याच्या फाटकाशी गाठलंस म्हणे, हेल्मेटही न काढता. म्हणालास, "ताईला सांगा, सुनावणीच्या दिवशी खुर्च्या फिरवू नका. काहीही झालं तरी समोर बघून बसा." आणि गाडीला किक मारून गेलास.

बहिणीचं घर तुला माहीत आहे. शाळा माहीत आहे. हातात फोन आहे. आणि निरोप फाटकावर, हेल्मेटातून?

मी तो निरोप मंडळापुढे ठेवला. आपलं मंडळ तुला ठाऊकच आहे.

किल्लीवाले काका म्हणाले, "घर फोडायला येणारा आधी सांगून जातो का, की बाबांनो कड्या उघड्या ठेवा? जातो कधीकधी. ओळखीचा असला की."

सिस्टर म्हणाल्या, "कड्या उघड्या ठेवा नाही म्हणाला तो. समोर बघा म्हणाला."

"तेच ते."

"तेच कसं? डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं आणि उजव्याचं केलं, तर पेशंटला तेच ते म्हणून सांगू?"

सगळे हसले. मीही हसले. पण मी उभी राहिले आणि बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, उगाच फुशारकी वाटेल. सारांश एवढाच, की ज्यांना आमची पाठ बोचते तेच आम्हाला समोर बघायला सांगतात. वीस वर्षं आमच्या हातात एकच हत्यार आहे आणि तेही म्यान करा म्हणतात. का? अमेझिंगबाईंचे फोटो काढायचे असतील. समोर बघणारी, मान डोलावणारी प्रजा हवी असेल.

मंडळानं ठरवलं आहे. पहिला गुळगुळीत शब्द आला की खुर्च्या फिरतील. विरोधात सिस्टर एकट्याच. जाताना मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही बोलायला लागलात की आम्ही सगळे मागून चालायला लागतो. तेवढं ध्यानात ठेवा." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

तुला अजून वेळ आहे. काय शिजतंय ते साध्या शब्दांत सांग.

ताई

४ फेब्रुवारी

शाब्बास.

बारक्या, शाब्बास. मी आजवर पुष्कळ कपटं वाचली. राजांची, वकिलांची, पुढाऱ्यांची. इतकं स्वच्छ कपट नाही वाचलं.

तू मागे प्रोजेक्टरच्या टेबलाशी होतास, त्यामुळे काय झालं ते तुला माहीत आहे. तरी मी लिहिणार. कपट करणाऱ्याला ते साध्या शब्दांत वाचायला मिळालं पाहिजे.

अमेझिंगबाई उभ्या राहिल्या. 'सुपर एक्सायटेड' म्हणाल्या. किल्लीवाल्या काकांची खुर्ची पहिली फिरली. 'होलिस्टिक'ला पुढची अख्खी रांग. 'विन-विन'ला मधली. मी मुद्दाम थांबले होते. 'अ‍ॅट द एंड ऑफ द डे' आलं आणि मीही फिरले. लाकडी पायांचा तो खरखराट! वाटलं, बाबांनी ऐकायला हवा होता. समोर भिंत होती. रंगाचा पोपडा सुटलेला, खाली जुना पिवळा, त्याखाली आणखी जुना हिरवा. मी ताठ बसले होते. सगळे ताठ बसले होते. मागे ती बोलतच होती आणि आम्हाला काही ऐकू येत नसल्यासारखे आम्ही भिंत बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

मग ती म्हणाली, "सो, गोइंग फॉरवर्ड, आर वी ऑल ऑन द सेम पेज?"

खोलीत शांतता. गुळगुळीत वाक्याला आम्ही उत्तर देत नाही. वीस वर्षं दिलेलं नाही. एकानंही मान वळवली नाही. मला अभिमान वाटला, बारक्या. अभिमान!

"अमेझिंग," ती म्हणाली. "थँक यू सो मच."

बाटल्या उचलल्याचे आवाज आले. टेबलाचा पाय सरकला. मी वळले तेव्हा कामकाज लिहिणारा कारकून पेनाचं टोपण लावत होता. त्यानं लिहून टाकलं होतं: विषयावर कुणाचा आक्षेप नाही. प्रस्ताव एकमतानं मान्य.

तेच मतदान होतं. खोली द्यायची की नाही, हा प्रश्नच तो होता.

मी ओरडले. "थांबा! आमचा सगळ्यांचा विरोध आहे!"

ती हसून म्हणाली, "मॅम, तुमचा मुद्दा आपण ऑफलाइन घेऊ या." आणि जिना उतरून गेली. खाली केंद्रातली माणसं जेवत होती. त्यांनी वर पाहिलं आणि परत डब्यात पाहिलं.

आता मला सांग. मेलेल्या वाक्याला आम्ही उत्तर देत नाही, पाठ फिरवली की हूं की चूं करत नाही, हे त्या इमारतीत कुणाला ठाऊक होतं? अमेझिंगबाईंना? त्यांना आपली खुर्चीसुद्धा 'अर्गोनॉमिक' लागते. ते ठाऊक असलेला माणूस एकच. त्याच नियमात वाढलेला. कुठल्या शब्दाला कुठली रांग फिरते हे ज्याला पाठ होतं, त्यानं ते भाषण लिहिलं. आधी आमच्या पाठी फिरवून घेतल्यास आणि मग पाठीला विचारलंस.

आणि तो निरोप? मी डोकं लावलं तेव्हा उलगडलं. ताईला 'करू नको' म्हटलं की ताई करणारच, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून 'करू नका' असा निरोप धाडलास.

कारणही सांगते. बाबांच्या शोकसभेत तू म्हणालास, 'ही इज इन अ बेटर प्लेस', आणि माझी खुर्ची फिरली. माझ्या मागोमाग बाकीच्यांच्या. तू वाक्य अर्धं सोडून उतरून गेलास आणि परत आला नाहीस. नियम बाबांचा होता. जन्मभर ज्यांनी उधारीचं वाक्य खपवून घेतलं नाही, त्यांच्यावर त्यांच्याच पोरानं उधारीचं वाक्य टाकावं? मी आजही तेच म्हणते. पण त्याचा सूड माझ्यावर घ्यायचा होतास. माझ्या दारात कचरा टाकायचास. किल्लीवाल्या काकांनी तुझं काय घोडं मारलं होतं? काल ते खोलीत एकटेच खुर्च्या सरळ करत बसले होते. मी म्हटलं, "काका, राहू दे." तर म्हणाले, "असू दे हो. अजून आपल्याच आहेत ना."

उत्तर देऊ नकोस. अंगठा तर मुळीच नको.

९ फेब्रुवारी

बारक्या,

हे पत्र रागाचं नाही. प्रेमाचंही नाही. हे चौकशीचं आहे.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत सिस्टर शाळेत आल्या. ड्युटीवरून थेट, गणवेशात. शिक्षकखोलीत सगळ्यांना वाटलं कुणाला तरी इंजेक्शन आहे. मी त्यांच्यापुढे तुझा पाढा वाचायला लागले, तर त्या म्हणाल्या, "ताई, दोन मिनिटं श्वास घ्या. आत घ्या आणि आतच ठेवा."

मग म्हणाल्या, "तो उभा होता."

"कोण?"

"तुमचा भाऊ. बाईंनी ते पेजबिज विचारलं ना, तेव्हा. प्रोजेक्टरपाशी उभा राहिला. हात वर होता."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही पण..."

"मी खिडकीखालच्या बाकावर होते. कंबर धरते माझी, मला खुर्ची चालत नाही. बाक भिंतीला ठोकलेला आहे, तो कुठे फिरवू? मी आधीच विचारणार होते तुम्हाला. तुम्ही भाषण करत होतात."

मी म्हटलं, हात कसा होता? डोकं खाजवत असेल. सिस्टर म्हणाल्या, "तीस वर्षं पेशंटचे हात बघतेय. तो हात वर होता. बाईंनी माइकवर तळवा ठेवला आणि त्याला म्हणाल्या, नॉट नाउ. त्यानं खाली घेतला नाही. त्या जिना उतरेपर्यंत वरच होता. तुम्ही ओरडत वळलात आणि सरळ बाईंच्या मागे धावलात. त्याच्या शेजारून गेलात."

"मग तोंड का नाही उघडलं? त्याला दातखीळ बसली होती?"

सिस्टर म्हणाल्या, "सगळं मंडळ पाठ फिरवून बसलेलं, आणि मधोमध तुम्ही. अशा खोलीत तो शेवटचा कधी बोलायला उभा राहिला होता, ते मी सांगू?"

घंटा झाली. मला सातवीवर जायचं होतं. नकाशा उलटा टांगला तरी मुलं सांगेपर्यंत कळलं नाही.

तरी माझा संशय जात नाही, हे लिहून ठेवते. हात दाखवण्यापुरताही वर करता येतो. नंतर 'मी तर विरोध केला होता' म्हणायला बरा. सिस्टरांना तू लहानपणापासून आवडतोस, तेही मी धरून आहे. आणि भाषण तर तूच लिहिलंस, की तेही नाही? सिस्टरांना तू सांगितलंस म्हणे, की तुझ्या भाषणात शेवटी साधा प्रश्न होता: ही खोली कॅफेला द्यायला कुणाचा विरोध आहे का? आणि बाईंनी तिथल्या तिथे तो पुसून आपला घातला. सगळीच भाषणं त्या अशी शेवटी बिघडवतात, हे तुला ठाऊक होतं म्हणून तू फाटकावर निरोप दिलास. खरं असेल. मी 'असेल' म्हणते आहे.

कारण एक गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली. आज मी तुमच्या इमारतीत गेले होते. तुझ्या मजल्यावर नाही, भिऊ नकोस. कामकाजाच्या खिडकीवर. तोच टोपणवाला कारकून होता. मी त्याला आमचा नियम समजावला. खुर्ची फिरवणं म्हणजे नापसंती, मौन म्हणजे निषेध. चांगली पंधरा मिनिटं बोलले. मागे रांग लागली.

तो म्हणाला, "बाई, तुम्ही छान बोलता. पण पाठ फिरवणं म्हणजे विरोध, असं आमच्याकडे कुठे नाही. आमच्याकडे हात म्हणजे विरोध."

मी विचारलं, "मग हात होता ना एक?"

त्यानं शिक्क्याची डबी बंद केली. उघडली. परत बंद केली. "ज्याचा होता त्यानं येऊन सांगायचं. गुरुवारी अकराला इतिवृत्त कायम होतं. त्याआधी त्यानं स्वतः सांगितलं, तर नोंद करावीच लागते. नोंद झाली की एकमत राहत नाही. एकमत नसलं की सुनावणी पुन्हा. तुमच्यासारखे पन्नास जण आले तरी उपयोग नाही. तुम्ही गप्प होतात."

तुम्ही गप्प होतात! मला! आयुष्यात कुणी मला हे म्हणेल असं वाटलं नव्हतं.

ताई

११ फेब्रुवारी

बारक्या,

तुझा निरोप मिळाला. 'इट इज व्हॉट इट इज, ताई.'

आधी मी फोन उशीखाली ढकलला. मग काढून परत वाचला. बाबा म्हणाले असते, झिजलेलं नाणं. पण झिजलेलं नाणं माणूस कधी पुढे करतो? खिशात दुसरं नसतं तेव्हा. किंवा असतं, पण ते काढायची भीती वाटते तेव्हा. यातलं तुझं कुठलं, ते मला कळत नाही, आणि मी विचारलं नव्हतं म्हणून तुला दोषही देत नाही.

तुझी नेमणूक मार्चमध्ये नवी व्हायची आहे आणि तिच्यावर सही अमेझिंगबाईंची लागते, हे मला सिस्टरांनी काल सांगितलं. तू सांगितलं नाहीस. तुझ्या घरी लहान मूल आहे, घराचा हप्ता आहे. त्या खिडकीत तू तोंड उघडलंस, तर मार्चमध्ये ती तुला फार गोड शब्दांत घरी बसवेल. 'नवी जर्नी' म्हणेल. मी हे जाणून मागते आहे. माझं काय जातं, असं म्हणशील तर खरं आहे, नोकरी माझी जात नाही.

मी काल मंडळात सगळं सांगितलं. किल्लीवाले काका पटकन म्हणाले, "नको. पोराला अडकवू नका. आपण दुसरीकडे बसू." मी म्हटलं, "कुठे?" सिस्टर म्हणाल्या, "त्याला विचारा तर खरं. नाही म्हणायचा हक्क त्याचा आहे, तुमचा नाही." मग खाली भोंगा झाला, गाड्या निघाल्या, जमीन हादरली आणि नेहमीसारखे आम्ही सगळे आवाज दूर जाईपर्यंत थांबलो. त्या थांबण्यात मला कळलं, की मी एरवी अशा वेळी पुढचं वाक्य जुळवत असते. काल काही जुळवत नव्हते.

शोकसभेवर आपण नंतर भांडू. पुष्कळ भांडू. तुझ्या बाजूलाही काहीतरी असेल, ते तेव्हा काढ. माझा संशय पूर्ण गेलेला नाही. हे लपवून तुझ्याकडे काही मागितलं तर मी अमेझिंगबाईच.

तू आजही मंडळाचा सभासद आहेस. तू मंडळ सोडलंस, मंडळानं तुला सोडलेलं नाही. आम्ही सारे त्या खोलीत होतो आणि कायद्याच्या लेखी एकच माणूस बोलला. तोंडानं नाही, पण बोलला. आता तेवढंच मोठ्यानं म्हणायचं आहे. त्याला भाषण लागत नाही, मुद्दे लागत नाहीत, मी तर मुळीच लागत नाही. मी तिथे येणारही नाही, म्हणजे मी ढकललं असं कुणी म्हणणार नाही, तूही नाही.

उद्या गुरुवार. अकराच्या आत दुसऱ्या मजल्यावर जा, कामकाजाच्या खिडकीसमोर उभा राहा, आणि त्या कारकुनाला सांग: "माझा हात वर होता. लिहा."

ताई